दुसऱ्यासाठी ग्रंथ निवडताना

स्वतःसाठी पुस्तक निवडताना मनुष्य कोणालाही उत्तरदायी नसतो. ते आवडले नाही तर मिटून ठेवण्यास त्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही, आणि अर्धवट टाकलेल्या पुस्तकाबद्दल कोणी त्याच्यावर दावाही लावीत नाही. परंतु ज्या क्षणी तो चार स्नेह्यांना म्हणतो, ‘पुढील महिन्यात आपण हे वाचू या,’ त्या क्षणी प्रकरण पालटते. सात-आठ माणसांच्या फुरसतीच्या संध्याकाळी, त्यांचे निजण्यापूर्वीचे दोन तास, क्वचित त्यांच्या मनाची शांतीसुद्धा, त्याने केवळ आपल्या शब्दावर मागून घेतलेली असते. हा अधिकार त्याला कोठून मिळतो, आणि मिळाला तर त्याच्या मर्यादा कोणत्या? प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा आहे, परंतु त्याच्या पोटात बरेच काही दडलेले आहे असे मला वाटते.

फोंड्यात आमचे एक वाचकमंडळ आहे. मंडळ हा शब्दही त्याला मोठा होतो; त्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दिवेलागणीनंतर आठ जणांनी कोणा एकाच्या घरी बाल्कांवावर बसावयाचे, ठरलेल्या पुस्तकावर बोलावयाचे, आणि चहा व भजी संपली की उठावयाचे, इतकाच त्याचा विधी. आमच्यात एक औषधविक्रेते आहेत, बँकेतील एक अधिकारी आहेत, मूळचे सासष्टीचे एक ख्रिस्ती डॉक्टर आहेत, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे, आणि आम्ही सर्व ज्यांना नुसते ‘बाई’ म्हणतो त्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. उरलेल्या तिघांत मी.

पहिले वर्षभर आम्ही मतदानाने पुस्तक ठरवीत होतो. लोकशाहीत वाढलेल्या माणसांना दुसरे काही सुचतही नाही. प्रत्येकाने एक नाव सांगावयाचे, मग प्रत्येकाने कोणत्याही तीन नावांना मत द्यावयाचे. एकदा कोणी ‘कोसला’ सांगितली, कोणी ‘ययाति’, कोणी दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’, कोणी ‘स्वामी’. मते मोजली तेव्हा बहुमत ‘स्वामी’च्या बाजूला पडले. 1962 साली प्रसिद्ध झालेली ती कादंबरी आमच्यापैकी सहा जणांनी विद्यार्थिदशेतच वाचलेली होती, आणि तिला मते पडण्याचे कारणही हेच होते. कादंबरीत उणे काही नव्हते. परंतु त्या शनिवारी अर्ध्या तासात सर्वांचे एकमत झाले आणि उरलेली बैठक नगरपालिकेच्या निवडणुकीवर गेली.

असे का व्हावे? मतदानातून वर येते ते बहुधा प्रत्येकाचे दुसरे किंवा तिसरे पुस्तक. ज्याला शत्रू नाही ते जिंकते. एखाद्याने ऐन तारुण्यात रात्री जागून वाचलेले आणि पुढे आयुष्यभर उशाशी बाळगलेले पुस्तक इतर सातांना अपरिचित असते; त्याला एकच मत पडते, आणि ते सुचविणारा पुढच्या खेपेस शहाणा होऊन सर्वांना चालेल असे नाव सांगतो. अशा शहाणपणाने मंडळ सुखरूप राहते, पण वाचन मात्र संपते.

आमच्या देवस्थानांचा कारभार मतदानाने चालतो हे येथील वाचकांना सांगावयास नको. 1933 च्या पोर्तुगीज अमदानीतील नियमावलीनुसार महाजन आपली समिती निवडतात, आणि तेथे बहुमत हाच योग्य मार्ग होय. कारण देवाची जमीन, देवाचे अलंकार, जत्रेचा खर्च ही सर्वांच्या राखणीतली वस्तू आहे व ती कोणा एकाच्या लहरीवर सोडता येत नाही. राखण करावयाची असेल तेथे बहुमत कामाचे. स्नेह्यांच्या वाचनात राखण करण्यासारखे असे सामाईक काही नसते. तेथे प्रत्येकाने आपल्या घरातले काही तरी आणून इतरांपुढे ठेवावयाचे असते.

त्याच देवळाच्या सभामंडपात श्रावणात पोथी लागते तेव्हा मात्र मतदान होत नाही. ‘हरिविजय’ असो वा ‘पांडवप्रताप’, आजचा अध्याय रुचेल ना, असे पुराणिक कोणाला विचारीत नाही. रुचीला तेथे जागाच नसल्यामुळे श्रोत्याला एक मोठा लाभ होतो. कंटाळा आला तर तो ग्रंथावर रुष्ट होत नाही. आपलेच चित्त थाऱ्यावर नाही, असे समजून पुन्हा कान देतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, आणि ज्यांनी लहानपणी ती अनुभवली आहे त्यांचे वाचन इतरांहून अधिक सोशिक असते असे माझे निरीक्षण आहे. तथापि ती मित्रमंडळात जशीच्या तशी आणता येत नाही. पोथीच्या मागे पिढ्यांचे वजन असते. आमच्या पुस्तकाच्या मागे एका माणसाचा शब्द, एवढेच.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही पाळी लावली. ज्याची पाळी त्याने पुस्तक सांगावयाचे. त्यावर मतदान नाही, अपील नाही.

पाळी लावताच सगळा भार निवडणाऱ्याच्या खांद्यावर आला. हा भार कायद्याच्या भाषेत कसा मांडावा, याचा विचार माझ्यासारख्याच्या मनात येणे साहजिक होते. करार म्हणावे तर तो करार नव्हे. ‘बाल्फोर विरुद्ध बाल्फोर’ या 1919 सालच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने असे ठरविले की, सिलोनात नोकरीस असलेल्या पतीने पत्नीला दरमहा तीस पौंड पाठविण्याचे दिलेले वचन हा घरगुती व्यवहार आहे. त्यामागे कायद्याने बांधून घेण्याचा हेतू नसल्यामुळे न्यायालय त्यात हात घालणार नाही. तीस पौंडांचे जर असे, तर तीनशे पानांचे काय! ‘मी वाचून येईन’ या शब्दाची बजावणी करणारा बेलीफ कोठेही नाही. आणि बेलीफ नाही तेथेच नीतीचा खरा प्रांत सुरू होतो.

त्या प्रांताला जवळची अशी कायद्यातील एकच कल्पना मला सापडते, ती विश्वस्ताची. 1882 च्या न्यास अधिनियमाचे 15 वे कलम असे सांगते की, सामान्य समज असलेला मनुष्य आपल्या मालमत्तेची जितकी काळजी घेईल तितकी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी. येथे मालमत्ता म्हणजे दुसऱ्याचा वेळ. ज्या पुस्तकासाठी मी स्वतःच्या संध्याकाळी खर्च केल्या नसत्या, ते मी स्नेह्यांच्या गळ्यात घालू नये. नुसती ख्याती ऐकून, पुरस्कार मिळाला म्हणून, किंवा आपण किती गंभीर वाचक आहोत हे इतरांस कळावे म्हणून सुचविलेले पुस्तक हा न्यासभंग होय. निवडणाऱ्याने ते आधी वाचलेले असावे, आणि ते त्याला आवडलेले असावे. यापलीकडे त्याच्यावर आणखी कोणते बंधन आहे काय? ऐकणाऱ्याचे मन दुखावणार नाही असेच पुस्तक त्याने निवडावे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे खरोखरीच येऊन उभा राहिला. बँकेतील स्नेह्यांनी आपल्या पाळीत इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ सांगितले. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविलेल्या त्या पुस्तकाविषयी मराठी वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन, मागाहून चढलेली पुटे दूर सारून, गांधारी, कुंती, भीष्म, द्रौपदी ही माणसे म्हणून लेखिकेने पाहिली. भीष्मांच्या त्यागातून अखेर कोणाचे कल्याण झाले, असे ती विचारते. खांडववन जाळताना त्यात राहणाऱ्यांचे काय झाले, तेही विचारते. श्रीकृष्णाकडेही ती याच दृष्टीने पाहते.

बाईंनी पुस्तकाचे नाव ऐकले आणि त्या गप्प झाल्या. चार दिवसांनी मला म्हणाल्या, ‘‘वकीलबाब, आमच्या घरी पांडवप्रताप लागतो तो हातपाय धुऊन, दिवा लावून. त्याच माणसांची तुमच्या कोर्टासारखी उलटतपासणी चालणार, आणि ती मी भजी खात ऐकायची?’’

मंडळात लगेच दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे की, ज्याला दुखते त्याने वाचू नये, पण पुस्तक बदलता कामा नये. आज ‘युगान्त’ सोडले तर उद्या काय काय सोडावे लागेल याला सीमा नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, आठांतल्या वयोवृद्ध व्यक्तीस क्लेश होत असतील तर जगात दुसरी पुस्तके थोडी आहेत काय? दोन्ही पक्ष सद्भावनेने बोलत होते. आणि दोन्ही, माझ्या मते, चुकीच्या दालनात उभे राहून बोलत होते.

ते दालन न्यायालयाचे. तेथे पुस्तकाविषयी जो प्रश्न विचारला जातो तो असा, की याला बंदी घालता येईल काय. मराठीतच त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असा निर्णय देऊन त्याला मुक्त केले. निर्णय उचितच झाला. परंतु त्याने एवढेच सिद्ध झाले की, ‘श्यामा’ छापावयास, विकावयास आणि वाचावयास मोकळीक आहे. ती मी माझ्या मावशीला वाढदिवसाची भेट म्हणून द्यावी की नाही, यावर सर्वोच्च न्यायालय मौन पाळते, आणि ते पाळावे हेच बरे. बंदी घालता येणार नाही अशी पुस्तके असंख्य. स्नेह्याच्या हाती देण्याजोगी त्यांतली मोजकी. या दोहोंमधील सबंध प्रदेशात कायदा आपल्याला वाट दाखवीत नाही. तेथे ‘माझा हक्क’ हा शब्द जितका निरुपयोगी, तितकाच ‘माझ्या भावना दुखावल्या’ हाही. कारण दोन्ही शब्द समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी उच्चारले जातात.

दुसऱ्या पक्षाविषयी मला आणखी एक सांगावयाचे आहे, कारण तो अधिक सौम्य आणि म्हणून अधिक फसवा आहे. ‘बाईंना त्रास नको’ असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही बाईंना विचारले नव्हते. त्यांनी आपल्या मनात एक बाई तयार केली होती. ती हळवी, भाबडी, नव्या विचाराने मोडून पडणारी अशी होती. प्रत्यक्षातील बाईंनी तीस वर्षे वर्गात इतिहास शिकविला आहे. दुसऱ्याला झेपणार नाही असे परस्पर ठरवून त्याच्यापुढून पुस्तक उचलून नेणे ही दया खरी, पण तीत मैत्री नाही. मित्राला दुखावण्यात पाप आहे हे मी मान्य करतो. परंतु त्याला न विचारता लहान मूल ठरविण्यात त्याहून मोठे आहे.

बँकेतील स्नेह्यांनी जे केले ते मला फार आवडले. त्यांनी पुस्तक बदलले नाही, आणि ‘नको तर येऊ नका’ असेही म्हटले नाही. एका रविवारी ते बाईंच्या घरी गेले, आणि हे पुस्तक त्यांना का आवडते ते त्यांनी सांगितले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली असताना गांधारीवरील लेख त्यांनी पहिल्यांदा वाचला होता. डोळे असून न पाहण्याचे व्रत घेणाऱ्या त्या स्त्रीच्या रागाची त्यांना तेव्हा प्रथम ओळख पटली, आणि आपल्या आईच्या अबोल्याचीही. बाईंनी ऐकून घेतले. मग आपली पोथी काढून खांडवदाहाचा अध्याय त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘वन जळले हे माझ्या पोथीतही आहे हो. मी काही ते झाकून वाचत नाही. पण इथे तो नमस्कार करून वाचायचा असतो, एवढाच फरक.’’

एवढाच फरक! पण त्या एवढ्याशा फरकावर आम्ही पुढे दोन बैठका बोललो. ज्याला नमस्कार करावयाचा त्याला प्रश्न विचारता येतो काय, आणि ज्याला प्रश्न विचारला त्याला पुन्हा नमस्कार करता येतो काय? आमच्या संतपरंपरेने दोन्ही केले आहे. देवाशी भांडण मांडणारे भक्त आपल्याला परके नाहीत. तरीही बाईंचे म्हणणे असे की, ते भांडण घरातले असते, आणि हे पुस्तक दाराबाहेर उभे राहून पाहते. यावर एकमत झाले नाही. श्रीकृष्णावरील लेखाच्या दिवशी बाई आल्या नाहीत. आदल्या दिवशी तसे सांगून ठेवले होते. त्यांची खुर्ची आम्ही मांडली होती, आणि त्या संध्याकाळी प्रत्येक जण बोलताना एकदा तरी तिकडे पाहून शब्द तोलीत होता. त्यांच्या न येण्यालाही मी त्या पुस्तकावरील एक अभिप्रायच समजतो.

पुढे डॉक्टरांची पाळी आली आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ सांगितले. आता गप्प होण्याची पाळी औषधविक्रेत्यांची होती. त्यांची कुलदेवता म्हाळसा. तिचे मूळ स्थान वेर्णे. सोळाव्या शतकात तिला तेथून म्हार्दोळला आणावे लागले ते कोणाच्या जुलमामुळे, हे या मासिकाचा प्रत्येक वाचक जाणतो. ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्याच छायेत, रायतूरच्या सेमिनारीत, 1616 साली छापलेला ग्रंथ आपण का वाचावा, असे ते उघड म्हणाले नाहीत. पण त्यांच्या मनात तेच होते, आणि ते अयोग्य होते असे मला म्हणवत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज जेझुइट. तो 1579 साली गोव्यात आला. ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे त्याने कोंकणीत लिहिली, कोंकणीचे व्याकरणही रचले. परंतु पुराण रचावयाचे ठरविले तेव्हा मराठीकडे आणि ओवीकडे वळला, आणि छापले ते मात्र रोमन लिपीत. (आमच्या दोन भाषांचे वकीलपत्र घेऊन भांडणाऱ्यांनी या मनुष्याकडे एकदा पाहावे. कोणती भाषा थोर, या वादात तो पडला नाही; कोणत्या कामाला कोणती योग्य, एवढे त्याने पाहिले.) शांताराम बंडेलू यांनी 1956 साली ग्रंथाची देवनागरी आवृत्ती काढली. डॉक्टरांनी तीच निवडली, कारण ती सर्वांना वाचता येणार होती.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. सासष्टीतील नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरी का देत नाही? हा भाग आला तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. काय वाचावे हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडून काढून घेतला, त्या माणसांनी मागितले ते पुन्हा पुस्तकच. धर्म गेला, नाव गेले, आणि संध्याकाळी ऐकण्याची सवय मागे उरली. तिच्यासाठी हे हजारो ओव्यांचे पुराण जन्मास आले. ज्या स्वातंत्र्यावर आम्ही चहा पिता पिता वाद घालतो त्याची किंमत मला त्या दिवशी जशी कळली, तशी घटनेची कलमे शिकताना कळली नव्हती.

मग ओव्या मोठ्याने वाचावयाच्या असे ठरले, आणि ध्यानात आले की पोथीची चाल आमच्यापैकी एकालाच येते. ती औषधविक्रेत्यांना, कारण त्यांच्या वडिलांनी देवळात वर्षानुवर्षे पोथी वाचलेली. त्यांनी क्षणभर पुस्तकाकडे पाहिले, आणि वाचावयास सुरुवात केली. म्हाळसेच्या महाजनाच्या तोंडून स्टीफन्सची ओवी पाऊण तास चालली होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘हें पुराण आमचें अशें म्हणटात, पूण ताची चाल मात तुमचे कडेन उरली.’’ त्यावर औषधविक्रेते काही बोलले नाहीत, परंतु पुढचा अवस्वरू त्यांनी न सांगता आपणहून वाचावयास घेतला. मतदान झाले असते तर या पुस्तकाला एक मत पडले असते.

आता दुसरी बाजू. निवडणारा जर विश्वस्त, तर वाचणाऱ्यावर काही बंधन आहे की नाही? कंटाळवाणे पुस्तक केवळ मैत्रीखातर शेवटपर्यंत वाचावे, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘मला जमले नाही’ एवढ्यावर सुटकाही नसावी. आमच्यात असा संकेत पडला आहे की, ज्याने पुस्तक सोडले त्याने ते कोणत्या पानावर सोडले आणि तेथे काय होते हे सांगावे. यातून कित्येकदा पूर्ण वाचणाऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी गोष्टी बाहेर आल्या. ‘कोसला’ (अखेर ती पाळीने आली) औषधविक्रेत्यांनी नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी सोडली, आणि का सोडली हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. त्यांच्याकडून यापेक्षा अधिक वाचनाची अपेक्षा कोण करील?

गेल्या महिन्यात आमच्यातील विद्यार्थिनीची पाळी होती. तिने बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा सांगितली. काही भुवया वर चढल्या. ज्या मंडळाने ‘युगान्त’ आणि ‘ख्रिस्तपुराण’ वाचले त्याने आता झुंझारच्या मागे धावावयाचे काय, असा एक सूर निघाला. माझ्या मते तिने न्यासाचा भंग मुळीच केला नव्हता. तिच्या आजोबांच्या पेटीत त्या पुस्तकांची चळत तिला सापडली होती, ती तिने सुट्टीत एकामागून एक वाचून काढली होती आणि त्यांत तिचा जीव रमला होता. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून ज्याने दोन पिढ्यांना मराठी वाचावयाची गोडी लावली त्या लेखकाला आमच्या बाल्कांवावर जागा नसेल, तर आम्ही वाचक कसले? प्रत एकच होती, म्हणून ती आठ घरी फिरवावी लागली. बाईंनी ती एका रात्रीत संपविली, आणि दुसरी आहे काय असे विचारले. चळतीतल्या दुसऱ्या पुस्तकाची शेवटची आठ पाने वाळवीने खाल्ली आहेत. खुनी कोण हे कळावे म्हणून सध्या आम्ही सर्व जण त्याच्या धड प्रतीच्या शोधात आहोत.